सहाव्या प्रश्नाचे वीस मार्क

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, नखाच्या जरा खाली, एक घट्टा आहे. पेन धरून धरून झालेला. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी तो गेलेला नाही. सोलापुरात मार्च लागला, कडुलिंबाची पिवळी पानं अंगणात खरखरू लागली, वरच्या मजल्यावरची पोरगी सकाळी पाठांतराचा सूर लावू लागली, की माझा अंगठा आपोआप त्या घट्ट्यावर फिरतो. तिथं सुई टोचली तरी कळत नाही. मी टोचून पाहिली आहे. शास्त्राच्या माणसानं प्रयोग केल्याशिवाय बोलू नये.

लोकांना म्हातारपणीही परीक्षेची स्वप्नं पडतात. आमच्या घरात बायकोला अजून पडतात. पेपर सुटायला पाच मिनिटं उरलीत आणि शाईच नाही, असं काहीतरी बघून ती दचकून उठते. मला पडत नाहीत. माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा तो उन्हाळा मला लख्ख आठवतो, पण त्याबद्दल काही वाटत नाही. वाटायला हवं, हे कळतं. बत्तीस दातांत एखादा दात मेलेला असतो; तो चावायच्या कामाला येतो, पण गार पाणी लागलं तरी त्याला पत्ता नसतो. तसं ते वर्ष आहे.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तरी माणसं पाणी अजून जपून सांडत होती. मी वळसंगहून येऊन शहरात खोली घेऊन राहत होतो. घरी सहा एकर कोरडवाहू ज्वारी, आणि आप्पांचं एकच म्हणणं, "शिकतोस तर पार शेवटपर्यंत शीक, न्हायतर आत्ताच ये." बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजात गणित घेतलेली आम्ही अकराजण होतो. त्यातले नऊजण गणित दुसरं काही मिळालं नाही म्हणून आले होते. उरलेले दोघं म्हणजे मी आणि अंबादास.

अंबादासचं घर भवानी पेठेत. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, कॉलेजात मराठी, आणि प्रमेयं इंग्रजीत. सकाळी सहा ते दहा तो मागावर बसायचा, मग तोंड धुऊन कॉलेजात यायचा. त्याच्या केसांत कापसाचा बारीक भुगा असायचा, म्हणून विसाव्या वर्षीच तो पिकल्यासारखा दिसे. वडील नव्हते. आई सुताच्या कांड्या भरायची. मी उंबऱ्यात दिसलो की ती मान वर न करता म्हणायची, "रा, कूसो." ये, बस. एवढंच तेलुगू मला येतं, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

कागद महाग पडायचा, म्हणून आम्ही तिच्या शहाबादी फरशीवर खडूनं गणितं करायचो. एकानं सोडवायचं, दुसऱ्यानं भोक शोधायचं, असा नेम होता. अंबादास भोक शोधण्यात पटाईत. विणलेलं कापड उजेडाकडं धरून कुठं तार तुटली आहे ते बघायची त्याला लहानपणापासूनची सवय; माझं उत्तरही तो तसंच बघायचा. एक डोळा मिटून फरशीवर ओणवा व्हायचा आणि एका ओळीवर बोट ठेवायचा. "हितं बघ. हितं तार न्हाय." तिथं खरंच नसायची. मग त्याची आई ओल्या फडक्यानं माझं सगळं ज्ञान पुसून टाकायची, कारण तिथंच जेवायला बसायचं असे. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, आणि मागाचा आवाज थांबल्यावर कानात राहिलेला मागाचा आवाज.

आमच्या सरांना तपकिरीचं आणि सिद्धतेचं व्यसन होतं. फळ्यावर कुणी 'क्लिअरली' असा शब्द लिहिला की ते डबी बंद करायचे. गणितवाल्यांची ही खास खोड आहे. जिथं पायरी पटकन दिसत नाही, नेमका तिथंच आम्ही 'क्लिअरली' लिहितो आणि पुढं सटकतो. सर म्हणायचे, "हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून तुम्ही क्लिअरली लिहिता. आणि मी बघतो तर हातात काकणच नसतं." वर्ग हसायचा. मीही हसायचो.

त्या वर्षी विद्यापीठानं गणिताची स्पर्धा ठेवली. सगळ्या जिल्ह्यांतली कॉलेजं, सहा प्रश्न, प्रत्येकी वीस मार्क, तीन तास. पहिल्या दोघांना विद्यापीठात एम.एस्सी.ला जागा, फी माफ, वसतिगृह फुकट, जेवणही. बाकीच्यांना प्रमाणपत्र. सरांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा त्यांनी नऊजणांकडं बघितलंच नाही. मला ती जागा मिळाली नसती तर वळसंगची ज्वारी होती. अंबादासला मिळाली नसती तर माग होता. दोघांनाही ते माहीत होतं, म्हणून आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

संक्रांतीला भरलेली गड्ड्याची जत्रा उठली आणि लगेच स्पर्धा झाली. हॉलमध्ये अंबादास माझ्या पुढं दोन बाकं. सहावा प्रश्न असा होता: आकड्यांची एक न संपणारी मालिका आहे, तिची बेरीज करत गेलो तर ती एका ठिकाणी जाऊन स्थिरावते, तर त्या प्रत्येक आकड्याचा वर्ग करून बेरीज केली तरी तीही स्थिरावते, हे सिद्ध करा. मी लिहायला लागलो. पुढं जाता जाता आकडे एकापेक्षा लहान होतात. एकापेक्षा लहान आकड्याचा वर्ग आणखी लहान. मोठ्यांची बेरीज स्थिरावते, तर लहानांचीही स्थिरावणार. इथं माझं पेन थांबलं. काहीतरी खटकलं. घड्याळात वीस मिनिटं होती आणि चौथा प्रश्न अर्धा राहिला होता. मी 'क्लिअरली' असं लिहिलं, खाली सिद्धतेची रेघ ओढली आणि चौथ्याकडं वळलो. पुढं बघितलं तर अंबादास पेन खाली ठेवून छताकडं बघत होता. एक डोळा मिटलेला.

बाहेर रसवंतीवर तो म्हणाला, "सहावा खोटाच हाय की."

"कसा?"

"आकडे सगळे धन हायेत असं कुटं लिवलंय? एकाला दोन, तीन, चारच्या वर्गमुळांनी भागत जा, आन एक धन, एक ऋण, एक धन, एक ऋण घे की. मागावर धोटा एकदा हिकडं, एकदा तिकडं जातो, म्हणून कापड जाग्यावर ऱ्हातं. वर्ग केला की ऋण सगळे धन झाले. सगळे धोटे एकाच अंगाला. मग कशाचं स्थिरावतंय?" त्यानं ग्लासातला बर्फ बोटानं ढवळला. "मी उदाहरण देऊन लिवलं, ह्यो प्रश्न सिद्ध होत न्हाय. तू?"

"मलापण खटकलं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. अशा वाक्यांना गणितात नाव नाही.

होळीच्या आसपास निकाल आला. विद्यापीठानं पहिल्या पाचांचा प्रश्नवार मार्कांचा तक्ता पाठवला होता. शिपायानं तो काचेच्या पेटीत टाचणीनं लावला, आणि मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो तक्ता मला अजून तोंडपाठ आहे. पहिला मी, चौऱ्याण्णव. मग दुसऱ्या कॉलेजांतले तिघं: त्र्याऐंशी, एकोणऐंशी, शहात्तर. पाचवा अंबादास, सत्तर. सहाव्या प्रश्नाच्या रकान्यात वरच्या चौघांसमोर वीस, वीस, वीस, वीस, आणि अंबादाससमोर शून्य. त्या शून्यावर शाई जरा फुटली होती. प्रश्न काढणाऱ्याकडून 'सर्व आकडे धन' ही अट लिहायची राहिली होती, आणि तपासणाऱ्यानं आपल्याजवळच्या उत्तराशी ताडून मार्क दिले होते. आम्ही चौघं चुकलो ते प्रश्न काढणाऱ्यासारखंच चुकलो, म्हणून बरोबर ठरलो.

अंबादास माझ्या मागं येऊन उभा राहिला. बराच वेळ वाचत होता. "तू सिद्ध केलास व्हय?" एवढंच म्हणाला. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. अंबादासनं दाखवलेलं उदाहरण त्यांनी स्वतः फळ्यावर तपासून बघितलं होतं. माझ्याकडून त्यांनी सहाव्याचं उत्तर आठवेल तसं लिहून घेतलं. मी लिहिलं. 'क्लिअरली' सुद्धा लिहिलं. गाळायचं सुचलं नाही, किंवा गाळायचा धीर झाला नाही. सरांनी वाचलं, त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि डबी बंद केली. चिमूट घेतलीच नाही.

"तक्रार करायला आठ दिवसांची मुदत आहे," ते म्हणाले. "पाचव्यानं लिहिलं तर म्हणतील, पाचवा आला म्हणून ओरडतोय. पहिल्यानं लिहिलं की प्रश्न खोटा आहे, तर त्यांना ऐकावंच लागेल. मी पत्र तयार केलंय. वाच, आणि पटलं तर सही कर. घाई नाही."

पत्र टेबलावर होतं. मी वाचायला लागलो. 'स्पर्धेतील प्रश्न क्रमांक सहा हा मुळातच असत्य असून सोबत त्याचे उदाहरण जोडले आहे. सबब' इथपर्यंत वाचलं, आणि नजर खाली गेली. तळाशी अंबादासची सही होती. तिच्या शेजारी मोकळी जागा, माझ्यापुरती. 'सबब'च्या पुढं मी गेलोच नाही. पुढं काय असणार हे मला दिसत होतं. अंबादासला वीस मिळणार, माझे वीस जाणार. त्याचे नव्वद, माझे चौऱ्याहत्तर. एवढी बेरीज आणि एवढी वजाबाकी मी उभ्या उभ्या केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. फक्त त्या चांदण्यात चोराला एकच वाट दिसते.

"उद्या करतो, सर," मी म्हणालो.

उद्या गेलो नाही. परवाही गेलो नाही. रंगपंचमी झाली, पोरांनी मला हिरवा केला, मी खोलीवर येऊन नळाखाली बसलो आणि पाणी हिरवं जाताना बघत राहिलो. दुपारी गिरणीचा भोंगा व्हायचा, त्यावर मी दिवस मोजायचो. पाच. सहा. पाय झोपतो तसं माझ्या आत काहीतरी झोपलं होतं. पायाला नंतर मुंग्या तरी येतात. मी ठरवलं नाही की सही करायची नाही. मला वाटतं, ठरवलं असतं तर बरं झालं असतं. निदान ठरवणारा कुणीतरी तिथं होता असं म्हणता आलं असतं. आठवा दिवस गेला तेव्हा मी खोलीत बसून वार्षिक परीक्षेचा अभ्यास करत होतो, आणि अभ्यास चांगला झाला.

कॉलेजनं सत्कार केला. टॉवेल, टोपी, नारळ, आणि वर एक चादर. आप्पा वळसंगहून धुतलेलं धोतर नेसून आले होते. प्राचार्यांनी भाषणात माझं नाव दोनदा चुकीचं घेतलं. चादर खांद्यावर पडली तेव्हा नव्या सुताचा, खळीचा वास आला, भवानी पेठेतल्या त्या खोलीचाच. अंबादास तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. मी त्याच्याकडं बघितलं आणि वाट बघितली, की आता काहीतरी वाटेल. आप्पा रडत होते. मी कोरडा होतो. वळसंगला जाताना बसमध्ये आप्पांनी विचारलं, "आनंद न्हाय व्हय रं झाला?" मी म्हटलं, "झाला की."

जूनमध्ये मी विद्यापीठात गेलो. सरांनी शिफारसपत्र दिलं, चांगलं दिलं, आणि त्या दुसऱ्या पत्राबद्दल एक शब्द काढला नाही. मी एम.एस्सी. झालो, सोलापुरातच लेक्चरर लागलो, लग्न झालं, मुली झाल्या. हजारो पेपर तपासले. उत्तरात 'क्लिअरली' दिसलं की मी लाल गोल करायचो आणि दोन मार्क कापायचो. पोरं मला 'क्लिअरली सर' म्हणायची. मी फार काटेकोर माणूस आहे असा गावात माझा लौकिक आहे. तो मी खोडून काढलेला नाही.

एकाच गावात राहून एक माणूस टाळायचा म्हणजे कष्ट पडतात. सोलापूर काही एवढं मोठं नाही. अंबादास दिसायचा, एसटी स्टँडवर, कुणाच्या लग्नात, तळ्याकाठी. "बरं हाय का?" "बरं हाय." इतकंच. त्यानं माग विकला आणि चादरींची डिझाइनं काढायला लागला. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून मोर, कमळं, रथ. एक घर चुकलं की आख्ख्या चादरीत मोराची मान वाकडी येते. त्याच्या मोराची मान कधी वाकडी आली नाही, असं दुकानदार सांगतात. आमच्या घरातही त्याच्या मोराच्या दोन चादरी आहेत. बायकोनं आणल्या, तिला काही माहीत नाही.

गेल्या मार्चमध्ये त्याची आई गेली. नव्वदीच्या पुढची होती. भेटायला जाणं भाग होतं. भवानी पेठेतली ती गल्ली मला अरुंद वाटली. पुढच्या खोलीत माग नव्हता, टीव्ही होता. फरशी मात्र तीच, शहाबादी, मध्ये एक तडा. मी नेहमीच्या जागी बसलो आणि अंबादास समोर बसला. केस आता खरोखरच पांढरे. थोडा वेळ आईबद्दल बोललो. शेवटपर्यंत ती फरशी स्वतः पुसायची म्हणाला. मग मी फरशीकडं बघत ते विचारलं, जे पन्नास वर्षांत विचारलं नव्हतं.

"ते पत्र सरांनी पाठवलं का रे?"

कुठलं पत्र, असं त्यानं विचारलं नाही. "न्हाय. कसं पाठवनार? पयल्याची सही नव्हती की."

मला माफी मागायची होती. तोंडातून निघाली ती सबब. "मी सही केली असती तर मी पहिला राहिलो नसतो, अंबादास."

त्यानं माझ्याकडं बघितलं. एक डोळा किंचित बारीक केला. "कोन म्हनलं?"

"तुला वीस मिळाले असते. तुझे नव्वद, माझे चौऱ्याहत्तर."

"मला वीस द्या असं कुटं लिवलं हुतं? सर तसंच लिवत हुते. मी नगं म्हनलो. प्रश्न रद्द करा, कुनालाच मार्क धरू नका, असं लिवायला लावलं." तो आवाज न चढवता सांगत होता, फरशीवरचं गणित समजावल्यासारखं. "आदी तक्त्याची वजाबाकी करून बघितली, मग सही केली. तू पयलाच ऱ्हात हुतास. मी दुसरा येत हुतो. दोगंबी गेलो असतो की."

"रद्द?" मी म्हणालो.

"तू वाचलंच न्हवतंस व्हय?" तो म्हणाला. मग त्यानं फरशीच्या त्या तड्यावर बोट ठेवलं. "मला इतकी वर्सं वाटलं, वाचून न्हाय म्हनलास."

आतून त्याच्या सुनेनं चहा आणला. आम्ही प्यालो. निघताना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "ऊन लई हाय. सावलीनं जा."

घरी आलो. बायको झोपली होती. वरच्या मजल्यावर पोरगी पाठांतर करत होती. मी टेबलाशी बसलो आणि एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर ते पाच आकडे उतरवले. बघून उतरवायची गरज नव्हती. त्या काचेच्या पेटीपुढं मी महिनाभर रोज उभा राहिलो होतो. पाचवीतल्या पोराला जमली असती ती वजाबाकी मी फक्त माझ्यापुरती केली होती, चौघांची कधीच नाही. वरच्या चौघांतून वीस-वीस काढले, अंबादासच्या शून्यातून काढायला काही नव्हतं. चौऱ्याहत्तर. त्रेसष्ट. एकोणसाठ. छप्पन. आणि सत्तर. पहिला मी, दुसरा अंबादास. आता तरी रडू येईल म्हणून पेन खाली ठेवून थांबलो. आलं नाही. मग पेपर तपासताना करायचो तसा, प्रत्येक आकड्यात वीस पुन्हा मिळवून ताळा करून पाहिला. उत्तर बरोबर होतं.